गवताळ प्रदेश म्हणजे मेलेलं जंगल नव्हे

"सवाना, स्टेप, पंपास हे सगळे गवताळ प्रदेश माणसाने तोडलेल्या जंगलांचे अवशेष आहेत. तिथे झाडं लावली की पाऊस परत येईल, वाळवंटंही हिरवी होतील आणि जगाला २० टक्के ऑक्सिजन देणाऱ्या ॲमेझॉनवरचा भार हलका होईल." हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवून काढला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

पहिलं वाक्यच सगळ्यात घातक आहे. उष्ण प्रदेशातली गवताळ मैदानं साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाडच काय, ती चालवणारा माणूससुद्धा नव्हता. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरचं पातं विल्डेबीस्टसारख्या चरणाऱ्या प्राण्याने खाल्लं, वणव्यात जळालं, तरी खालून नवं फुटतं. झाडाच्या रोपाचा शेंडा मात्र नेमका आगीच्या तोंडी येतो. ब्राझीलच्या सेरादो या सवाना प्रदेशात तर काही झुडपं जमिनीवर जेमतेम गुडघ्याएवढी दिसतात. त्यांचं खरं लाकडी खोड मातीखाली पसरलेलं असतं. याला उजाड जमीन म्हणायचं? अशा ठिकाणी निलगिरी किंवा पाइनची दाट लागवड केली की सावलीने उन्हावर जगणारं गवत मरतं आणि त्यावर चरणाऱ्या, त्यात घरटी करणाऱ्या जीवांचाही आधार जातो.

आणि पाणी? शास्त्रज्ञ रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या पाणलोटांच्या नोंदी एकत्र मांडल्या. गवताळ, झुडपी किंवा शेतजमिनीवर झाडं लावल्यावर ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला आणि १३ टक्के ओढे किमान वर्षभर पूर्ण कोरडे पडले. पाऊस परत आणणार म्हणे! दक्षिण आफ्रिकेने तर पाणी वाचवण्यासाठी बाहेरून आणलेली पाइन आणि वॅटलची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) झाडं तोडायला १९९५ पासून सरकारी योजनाच चालवली आहे.

वाळवंटाबद्दल थोडक्यात. सहारा काही हजार वर्षांपूर्वी खरंच हिरवा होता, पण तो पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षातल्या बदलांमुळे. त्या बदलांमुळे मोसमी पाऊस उत्तरेला सरकला होता. कुणी रोपं लावली नव्हती. शिवाय सहारातल्याच, चाड देशातल्या बोडेले नावाच्या खोलगट भागातली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनला फॉस्फरस पुरवते. म्हणजे ज्या जंगलाचा भार हलका करायला निघालात, त्याच्या खताचा एक वाटा वाळवंटातून येतो.

ॲमेझॉनच्या २० टक्के ऑक्सिजनचा दावाही असाच चुकीचा. तिथली झाडं जेवढा ऑक्सिजन सोडतात, जवळपास तेवढाच ती स्वतः आणि पालापाचोळा कुजवणारे जीव वापरून टाकतात. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. ॲमेझॉन वाचवायलाच हवं, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. मोठी जंगलं बाष्प सोडून स्वतःचा बराच पाऊस स्वतःच घडवतात आणि झाडं कार्बन साठवतात, हे खरंच आहे. म्हणून जिथे जंगल होतं आणि ते तोडलं गेलं, तिथे ते परत उभं करा. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतचं बहुतेक जंगल गेलंय. तिथे तिथलीच झाडं लावायला जागा आणि कारण दोन्ही आहे. सेरादोत नाही.