कागदाचा आलेख आणि बांबूचा हिशेब

फिनलंडची कागदाची निर्यात वीस वर्षांत घसरत गेली आणि भारताची चढत गेली, असा एक आलेख आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली मामेभावाने लिहिलंय, "ताई, तुझा फिनलंड बसला. आता आपली वेळ." मी फिनलंडमधल्या कोउवोलात राहते, कागदाच्याच कारखान्यात नोकरी करते, म्हणून रोख माझ्यावर.

आलेख खोटा नाही. 2006 च्या सुमारास फिनलंड वर्षाला 1 कोटी 40 लाख टन कागद-पुठ्ठा बनवायचा आणि बहुतेक सगळा बाहेर विकायचा. आता उत्पादन जवळपास निम्म्यावर आलंय. आमच्या इथली वोइक्का मिल 2006 मध्ये बंद झाली, सुम्मा 2008 मध्ये, काइपोला 2020 च्या अखेरीस. छपाईचा कागद कुणालाच नकोसा झाला, तेव्हा औलूची मिल पुठ्ठ्याकडे वळली. तरीही 55 लाख वस्तीचा हा देश आजही आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कागद विकतो, हे भावाने लिहिलं नाही.

आणि आपली निर्यात 2021-22 मध्ये 14 हजार कोटींच्या घरात गेली ती कशाच्या जोरावर? चीनने 2021 पासून परदेशी रद्दी पूर्ण बंद केली. तिथे खोक्यांसाठी तंतू हवाच होता. आपल्या मिलांनी रद्दीचा लगदा आणि क्राफ्टचे, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाचे, रोल पाठवले, आणि त्यातली बरीच रद्दी अमेरिका-युरोपातून आणलेली. म्हणजे दुसऱ्यांचा कचरा आपल्या पाण्याने धुवायचा, गाळ आपल्याकडे ठेवायचा आणि धुतलेला तंतू तिसऱ्याला द्यायचा. मामेभावाचं भोसरीत खोक्यांचं युनिट आहे. क्राफ्ट मिळेना तेव्हा "निर्यात थांबवा" म्हणत हाच कावला होता. ते इतक्या लवकर कसं विसरतात लोक?

दिवाळीत आईचं फराळाचं खोकं आलं, चारही कोपरे बसलेले. शेजारच्या आजोबांचं आयुष्य वोइक्कात गेलं. त्यांनी खोक्याची कड चिमटीत धरून फाडली आणि उजेडात धरली. पाइनचा पुठ्ठा फाडला की कडेला केसांसारखे तंतू सुटतात. इथे नुसता भुगा पडला. "बरेच वेळा वापरलाय," ते म्हणाले. मला झोंबलं. मी त्यांना सुनावलं की आमच्याकडे माणशी वर्षाला 15-16 किलोच कागद लागतो, जगाची सरासरी 50 च्या वर आहे, आणि आम्ही रद्दीचा चिटोराही फेकत नाही. ग्रुपवर फिनलंडची बाजू घेणारी मी इथे भारताची वकील होते. दोन्हीकडे मनापासून भांडते आणि दोन्हीकडे पाहुणी ठरते.

मी बल्लारशाची. बांबूचे ट्रक मिलच्या फाटकात शिरताना बघत मोठी झाले. लगद्याचा तो उग्र वास इथल्या सहकाऱ्यांना नकोसा होतो, मला त्यात घर आठवतं. बांबूचा तंतू लांब असतो, धुऊन धुऊन थकलेल्या रद्दीसारखा नाही. इथलं साठ टक्क्यांच्या आसपास जंगल घराघरांच्या मालकीचं आहे. लाकूड तोडलं की पैसा त्या घरात येतो. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकायला 2011 उजाडलं, आणि जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाडांतून वगळायला, म्हणजे तोडायला-विकायला मोकळा करायला, 2017. एवढ्या उशिरा! कागदात पुढे जायचं तर तुलना इथे करा: आपला तंतू किती, आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भावाचं उत्तर आलं, "तिकडे बसून बोलणं सोपं आहे." सोपं नाही रे. भारतात राहिले असते तर तुझ्यासोबत तोच आलेख मीही पुढे पाठवला असता. बांबूचा भाव मात्र मी विचारतच राहणार, आणि पुढच्या वेळी रुपये-कोटींच्या शेजारी तोही आकडा टाक.