‘आधी नोकरी, शिक्षण मग बघू’ : एका लाडक्या दाव्याची उलटतपासणी

अमेरिकेतल्या 1996 च्या कल्याण-सुधारणेचा, म्हणजे गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीचे नियम बदलणाऱ्या कायद्याचा, दाखला देत एक दावा सारखा फिरत असतो. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना थेट कामाला लावलं, मदत घेणारी कुटुंबं निम्म्याहून कमी झाली, म्हणजे धोरण बरोबर. नोकरीतच माणूस शिकतो. प्रौढ साक्षरतेचे शिक्षक कुरकुर करतात ती केवळ आपले वर्ग ओस पडतील म्हणून.

कुटुंबं कमी झाली, हे खरंच आहे. 1994 मध्ये ती 50 लाखांच्या घरात होती, 2000 मध्ये निम्म्याहूनही कमी. पण याच काळात तेजी होती, बेकारी 4 टक्क्यांपर्यंत उतरली होती आणि कमी कमाईवाल्यांची करसवलत 1993 मध्येच वाढवलेली होती. शिवाय यादीतून नाव गळणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे. नव्या कायद्याने केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरात 60 महिन्यांची मर्यादा घातली, अटी मोडल्या तर मदत कापायची सोय केली. (कायदा रिपब्लिकन काँग्रेसचा आणि सही डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांची, तेव्हा पक्षीय भांडण इथे नको.)

आता ‘नोकरीतच माणूस शिकतो’. कुठल्या नोकरीत? फरशी पुसणाऱ्या बाईला रोज तीच फरशी मिळते. त्यापेक्षा एक पायरी वरचं काम म्हणजे नर्सिंग होममधली मदतनीस. तिथे 1987 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान 75 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. मग रोजच्या पाळीत रुग्ण किती पाणी प्यायला, लघवी किती झाली, हे मिलिलिटरमध्ये लिहायचं. रुग्ण पडला तर तो कसा पडला याची नोंद करायची. धड चार ओळी लिहिता न येणाऱ्या बाईला ही पायरी चढायची तर आधी वर्ग हवा. शिक्षक म्हणतात ते एवढंच. नोकरीला त्यांचा विरोध नाही. वर्गात येणाऱ्या बहुतेकांना नोकरीच हवी असते.

‘अभ्यासात शिक्षण हरलं’ असंही सांगतात. हा अभ्यास म्हणजे मदत घेणाऱ्यांसाठीच्या अकरा कार्यक्रमांचं राष्ट्रीय मूल्यमापन. त्यात अटलांटा, ग्रँड रॅपिड्स आणि रिव्हरसाइड इथे ‘आधी नोकरी’ आणि ‘आधी शिक्षण’ या दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी तपासल्या गेल्या. ‘आधी नोकरी’वाल्यांची कमाई लवकर वाढली आणि खर्चही कमी आला, हे मान्यच. पण पाच वर्षांनंतर कमाईतला फरक जवळपास विरला. नुसतं वर्गात बसवणंही काही फार कमाल नव्हतं. सगळ्यांत सरस ठरलं ओरेगनमधलं पोर्टलंड : तिथे भर नोकरीवरच होता, पण अनेकांना आधी छोटं प्रशिक्षण किंवा जीईडीची (शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीच्या, शालान्त परीक्षेच्या तोडीच्या परीक्षेची) तयारी करू दिली आणि मिळेल ती पहिली नोकरी धरू नका, बऱ्या पगाराची बघा, असं सांगितलं. दावा करणारे पोर्टलंडचं नाव सहसा घेत नाहीत.

राहिला शिक्षकांच्या स्वार्थाचा आरोप. त्यांची तक्रार तासांच्या हिशेबाबद्दल आहे. मदत घेणाऱ्याने कामाच्या अटीचे आठवड्याला 30 तास भरायचे. त्यातले पहिले 20 प्रत्यक्ष कामाचे किंवा काम शोधण्यासारख्या ठरावीक गोष्टींचे, जीईडीचा अभ्यास धरला जातो तो त्यानंतर. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या एकट्या आईला एकूण 20 तासच पुरतात, आणि ते सगळे या पहिल्या 20 मधलेच. म्हणजे, ती वीस वर्षांहून मोठी असेल तर, तिने रोज संध्याकाळी वर्गात बसून अपूर्णांक घोटले तरी कागदावर त्याचे तास शून्य. मदत कचेरीतल्या कर्मचाऱ्याने तिला वर्गाला पाठवायचं तरी कशासाठी?