पिवळ्या ट्युलिपबद्दल: दुकानाच्या मालकिणीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज दिवसभर उत्तर लिहू की नको, असं चाललं होतं. आधी माफी मागते. लग्नाचा दिवस परत येत नाही आणि त्या दिवशी आमच्या फुलांवरून तुमचं मन खट्टू झालं, याचं खरंच वाईट वाटतं. टेबलांवर ठेवलेल्या, फुलांचे अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन अदलाबदल झाल्या, हायसिंथची रॅननक्युलसपाशी गेली. ती आमची चूक, पूर्णपणे मान्य.

पण तुम्ही लिहिलंय, "ऐनवेळी न विचारता पिवळे ट्युलिप घातले, त्यांचा अर्थ आशा नसलेलं प्रेम, पाहुण्यांसमोर हसं झालं, दुकानदाराला फुलांच्या अर्थाचा गंधही नाही." फुलवालीला गंध नाही, यावर एरवी मी हसलेही असते. काल हसू आलं नाही. त्यातही 'न विचारता' हा शब्द फार लागला, म्हणून काय झालं ते क्रमाने सांगते.

लग्न रविवारी होतं. सोमवारी यादी पक्की झाली : पांढरे ट्युलिप, पिओनी, रॅननक्युलस, हायसिंथ, हातातल्या गुच्छासाठी लिली ऑफ द व्हॅली आणि आयव्ही. बुधवारी रात्री ११ वाजून १० मिनिटांनी तुमचा मेसेज आला, "ट्युलिप पिवळे करता येतील का? पांढरे फोटोत फिके दिसतील." मी ११.२५ ला उत्तर दिलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की इंग्रज चित्रकार केट ग्रीनअवे यांच्या १८८४ च्या फुलांच्या भाषेवरच्या पुस्तकात पिवळ्या ट्युलिपचा अर्थ 'आशा नसलेलं प्रेम' असा दिलाय, लाल ट्युलिपचा 'प्रेमाची कबुली' असा आहे, तेव्हा रंगच हवा असेल तर लाल घेऊ. त्यावर तुमचं उत्तर होतं, "चालेल हो पिवळे, एवढं कोण बघतं!" आणि पुढे हसरा चेहरा. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. इथे टाकणार नाही, ते मला शोभत नाही. पण आहे.

गुरुवारी पहाटे पांढऱ्यांचा माल निघालेला होता. तो माझ्या अंगावर पडला. त्याचा एक पैसाही मी तुमच्याकडे मागितला नाही, आणि आज हे लिहायची वेळ आली नसती तर बोललेही नसते.

एवढं कोण बघतं, तर तुमच्या एका पाहुण्यांनी फोनवर बघितलं. त्याला मी काय करणार?

अर्थाचं म्हणाल, तर पहिल्या भेटीत आपण दोन तास त्यावरच बसलो होतो. तुम्हाला काळ्या गाभ्याची अ‍ॅनिमोनी हवी होती. मी फुलांच्या अर्थांच्या जुन्या इंग्रजी यादीतला 'टाकून दिलेली' हा अर्थ दाखवला, तेव्हा तुम्हीच वही मिटलीत. लिली ऑफ द व्हॅली म्हणजे 'सुख परत येणं', हे ऐकून तुम्हाला ती केकवरही लावायची होती. मी नाही म्हणाले, कारण त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो, खाण्याच्या वस्तूला तो लागता कामा नये. तेव्हा तुम्ही मला "फार कडक बाई" म्हणालात. कडकही मीच आणि काही कळत नाही तेही मलाच?

आणि हे अर्थ म्हणजे काही कायदा नव्हे. हायसिंथचंच घ्या. ग्रीक कथेत अपोलो देवाच्या हातून लागलेल्या चकतीने मेलेल्या मुलाच्या रक्तातून ते फूल उगवलं, म्हणून जांभळं हायसिंथ दुःखाचं मानतात. तेच हायसिंथ २०११ च्या ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नात केट मिडलटन यांच्या गुच्छात होतं, अर्थ 'प्रेमातली स्थिरता'. तुम्ही मला जो फोटो दाखवला होता, तो याच गुच्छाचा. पिओनी त्या जुन्या इंग्रजी यादीत लाज आणि संकोचाची आहे, चीनमध्ये वैभवाची आणि मानाची. पिओनी तुमच्याकडे भरपूर होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कदाचित त्या पाहुण्यांनी तेवढं शोधलं नसावं.

"संध्याकाळपर्यंत ट्युलिप वाकडे झाले, शिळा माल" असंही लिहिलंय. ताई, ट्युलिप कापल्यावरही वाढतं. दांडा लांबतो आणि उजेडाकडे वळतो, ती त्याची जातच आहे. ते टेबल खिडकीपासून लांब ठेवा, असं मी सजावटवाल्यांना दोनदा सांगितलं होतं. दुपारी येऊन बघितलं तर खिडकीला अगदी चिकटून. सगळी फुलं एका बाजूला माना वळवून बसलेली. शिळं फूल पाकळ्या टाकतं. तुमच्या फोटोत एकही पाकळी खाली पडलेली नाही, मी मोठा करून बघितला.

या फुलांमागे काय असतं तेही सांगू द्या. तुमच्या स्वागताच्या टेबलावरच्या डॅफोडिलचे दांडे कापले की बुळबुळीत चीक सुटतो, तो ट्युलिपच्या पाण्यात गेला तर ट्युलिप लवकर माना टाकतात. म्हणून शनिवारी रात्रभर डॅफोडिल वेगळ्या बादलीत होते आणि पाणी बदलायला मी दोनदा उठले. पिओनी दाबून बघावी लागते. बोटाला मऊ लागली तर उमलणार, गोटीसारखी घट्ट लागली तर कळीच राहणार. तुमच्यासाठी एकेक बघून घेतली होती.

वसंताचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, त्यावर आमचं वर्ष चालतं. तुमचा अभिप्राय वाचून आजच एका मुलीच्या आईने फोन करून "आम्ही जरा विचार करतो" असं सांगितलं. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही, पण झालं ते झालं.

यापुढे शेवटच्या क्षणी बदल असेल तर सही घ्यायची, असं काहीतरी करायचं चाललंय. चिठ्ठ्या लावायचं कामही एकाच माणसाकडे देणार आहोत, बहुतेक. चिठ्ठ्यांच्या चुकीबद्दल काही रक्कम परत देण्याची माझी तयारी आहे, किती ते फोनवर बोलू.

आणि हो, तुमच्या घरून आलेली ती निळी काचेची फुलदाणी अजून आमच्याकडेच आहे. धुऊन, कागदात गुंडाळून ठेवलीय. कधी पाठवू ते कळवा.