‘असली व्हिस्की कशी ओळखावी’ या फॉरवर्डचा समाचार

महिनाभरात हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप आणि शेवटी आमच्या साडूने पर्सनलवर पाठवला, खाली एक ओळ टाकून, "बघा, मी काय म्हणत होतो". सहा नियम आहेत. जितकी जुनी तितकी भारी. जितका रंग गडद तितकी जुनी. सिंगल माल्ट तीच खरी, ब्लेंड म्हणजे भेसळ. पाणी घालणं पाप. घसा जळला तर माल हलका. आणि भारतीय व्हिस्की म्हणजे रंगवलेली रम. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "दर्दी लोकांनाच पाठवा".

आता गंमत अशी की यातला एकही नियम हवेतून आलेला नाही. प्रत्येक नियम कुठल्यातरी एका बाटलीला लागू पडतो, मग कोणीतरी तो उचलून जगातल्या सगळ्या बाटल्यांना लावलाय. कोल्हापुरी मिसळीचं माप लावून पुण्याची मिसळ नापास करायची तसला प्रकार.

वयापासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त पैसे लोक तिथेच घालवतात. स्कॉचला, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीला, कायद्याने किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहावं लागतं, आणि बाटलीवर १२ किंवा १८ लिहिलंय म्हणजे आतली सगळ्यात तरुण व्हिस्की तेवढ्या वर्षांची आहे, सरासरी वगैरे नाही. इथपर्यंत ठीक. पण स्कॉटलंडमध्ये १८ वर्षं का लागतात हे कोणी विचारत नाही. एक तर तिथे थंडी, आणि दुसरं म्हणजे त्यांची बहुतेक पिंपं सेकंडहँड. बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीचा नियम असा आहे की पिंप नवं कोरं आणि आतून जाळलेलं पाहिजे, म्हणजे एकदा बोर्बन काढली की ते पिंप पुन्हा बोर्बनला चालत नाही, मग ती लाखो पिंपं स्कॉटलंडला जातात. एकदा वापरलेली चहा पावडर परत उकळली तर वेळ लागणारच ना, तसं. उलट बोर्बन नव्या जळक्या लाकडात असते, तिकडे उन्हाळा पण चांगलाच तापतो, त्यामुळे ६-८ वर्षांत ती मस्त तयार होते आणि फार जास्त ठेवली तर नुसतं लाकूड चावल्यासारखी तुरट, कडवट होऊ शकते. त्यामुळे ८ वर्षांची बोर्बन आणि १८ वर्षांची स्कॉच शेजारी ठेवून "ही दहा वर्षांनी लहान" म्हणणं म्हणजे बोकड आणि हत्तीचं वय एका तक्त्यात लिहिण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे तर अजूनच वेगळं गणित. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हे देवदूत वर्षाला साधारण २ टक्क्यांवर खूश असतात, बंगळुरू-गोव्याकडचे १० टक्के किंवा वर घेतात. ढोबळ हिशोब करा: २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी तिकडे दीडशेच्या वर लिटर उरेल, इकडे जेमतेम ५६. १८ वर्षं ठेवायची म्हटली तर ३० लिटर, म्हणजे मालक रस्त्यावर. तापमान जास्त म्हणून लाकडातला माल पण भराभर उतरतो, ५-६ वर्षांत जी चव येते ती तिकडे यायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. तैवानच्या कावालानचं उदाहरण घ्या, डिस्टिलरी सुरूच झाली २००६ मध्ये, आणि २०१५ ला त्यांच्या सोलिस्ट विन्हो बारिकला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट म्हणून निवडलं. म्हणजे वय काहीही झालं तरी नऊच्या वर नव्हतं. फॉरवर्डच्या नियमाने ती शाळकरी पोरगी.

अजून एक, साडूसाठी खास: बाटलीत व्हिस्की म्हातारी होत नाही. २००५ साली आणलेली १२ वर्षांची बाटली आज पण १२ वर्षांचीच आहे. कपाटात ठेवून किंमत कदाचित वाढेल, वय नाही.

रंगाचं फार लांबवत नाही. स्कॉचमध्ये कॅरमल रंग, ई-१५०-ए, घालायला कायद्याने परवानगी आहे, म्हणजे प्रत्येक बाटली सारखी दिसावी म्हणून. स्ट्रेट बोर्बनमध्ये मात्र अजिबात चालत नाही. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात काही वर्षांतच गडद लाल-तपकिरी रंग येतो, आणि तीन-चारदा वापरून झालेल्या पिंपात २५ वर्षं झोपलेली व्हिस्की गवती चहाच्या पाण्यासारखी फिकट निघू शकते. रंगावरून फार तर पिंपाबद्दल अंदाज बांधता येतो, तोही रंग घातला नसेल तर. पण रंग डोळ्यातून जिभेवर कसा उतरतो त्याची एक भारी गोष्ट आहे, व्हिस्कीची नाही वाइनची: २००१ मध्ये बोर्दोमधल्या संशोधकांचा पेपर आला, त्यांनी वाइन शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, कुठलाही वास नसलेला रंग, आणि त्या पोरांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली पोरं होती ती. आपण तर परमिट रूमच्या पिवळ्या दिव्याखाली ग्लास वर धरून "अहाहा, रंग बघ" म्हणतो.

"ब्लेंड म्हणजे भेसळ" हे वाचून खरंच चिडलो. माल्ट म्हणजे मोड आणलेलं बार्ली, आणि सिंगल माल्टमधला सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, एकाच पिंपातली नाही. म्हणजे तुमची लाडकी सिंगल माल्ट पण शेकडो पिंपं एकत्र करून बनवलेली असू शकते. ब्लेंडेड स्कॉचमध्ये वेगवेगळ्या डिस्टिलरींच्या माल्टसोबत ग्रेन व्हिस्की असते, गहू-मक्याची, उंच कॉलमच्या भट्टीतली, ज्याचं पेटंट इनीअस कॉफी नावाच्या माणसाने १८३० मध्ये घेतलं (हा आधी एक्साइजमध्ये होता, म्हणजे आयुष्यभर दारू पकडली आणि मग सगळ्यात जास्त दारू गाळणारं मशीन काढलं, ग्रेट माणूस). ती ग्रेन व्हिस्की पण किमान ३ वर्षं लाकडातच असते. स्वस्त ब्लेंड पांचट असतात हे मान्य, पण ते स्वस्त म्हणून. आणि हा नियम खरा धरला तर आयर्लंडची स्वतःची स्टाईल, सिंगल पॉट स्टिल, जिच्यात मोड आणलेलं आणि न आणलेलं बार्ली दोन्ही असतं, ती बाद. बोर्बन बाद, कारण तिच्यात किमान ५१ टक्के मका. राय धान्याची व्हिस्की बाद. उरलं काय?

पाण्याकडे येऊ, कारण इथे भांडणं होतात. ज्यांचं पोट नाकावर चालतं ते स्कॉटलंडचे मास्टर ब्लेंडर सॅम्पल नाकाने तपासताना पाणी घालून साधारण २० टक्के अल्कोहोलवर आणतात. वीस! म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. अल्कोहोल जास्त असलं की नाक बधिर होतं, बाकीचे वास दबतात, हे त्यामागचं साधं कारण. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं की ग्वायाकॉल नावाचा धुरकट वासाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाकडे येऊन बसतो आणि ५९ च्या वर गेलं की आत बुडून राहतो. आता ते कॉम्प्युटरमधले रेणू, जिभेवरची परीक्षा नाही, त्यामुळे फार नाचवू नका, पण दिशा तीच. ५८ टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालताच बाटलीत भरलेली) तशीच कोरी मारून मर्दानगी दाखवायची असेल तर दाखवा, चव मात्र कळणार नाही.

आपल्या नेहमीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, हा विचित्र आकडा कुठून आला माहितीये? ब्रिटिशांचं जुनं माप, त्यांचं १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, त्याचे पाऊण म्हणजे ४२.८. बाटलीवर २५ यू.पी. (अंडर प्रूफ) किंवा ७५ प्रूफ असतं ते हेच. ह्याला पाण्याचे थेंब-दोन थेंबच पुरे. बर्फाचं मात्र सांभाळून, थंडीने वासच उठत नाही. उकाड्यात घाला की बर्फ, सोडा घाला, जपानी लोक हायबॉल किती प्रेमाने बनवतात, फक्त तसली पिऊन मार्क द्यायला बसू नका.

जळजळीचं एका ओळीत: मिरचीच्या ठेच्याने तोंडातली जी नस पेटते तीच अल्कोहोलने पण पेटते, त्यामुळे जळजळ आधी टक्केवारी सांगते. आणि "एकदम स्मूथ" हे सर्टिफिकेट तर सगळ्यात जास्त गाळून चव काढून टाकलेल्या स्पिरिटलाच मिळेल. काही स्टाईल मुळातच गुळगुळीत नसतात. स्कॉटलंडच्या आयला बेटाची पीटवाली (पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, तिच्या धुराचा वास असलेली) व्हिस्की पहिल्यांदा हुंगली तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "सुके बोंबील कोण भाजतंय?" आणि ते वर्णन मी इंग्रजीत वाचलेल्या सगळ्या वर्णनांपेक्षा बरोबर होतं. बोर्बन म्हणजे मला खोबऱ्याची वडी किंचित करपलेली (अमेरिकन ओकमध्ये नारळासारख्या वासाचा घटक खरंच असतो), शेरीवाली म्हणजे खजूर-मनुका आणि चिंचेचा कोळ. आता बोर्बनला "गोड आहे, बायकी आहे" म्हणून नापास करणारे आणि आयलाला "डेटॉल आहे" म्हणून फेकणारे, दोघंही चव नाही मोजत, आपली सवय मोजतायत.

शेवटचा नियम अर्धा खरा आहे, ते कबूल करायला पाहिजे. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की मळीच्या स्पिरिटमध्ये थोडं माल्ट मिसळून बनते, युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, तिथे धान्यच लागतं आणि ३ वर्षं पिंपात. पण त्यावरून "भारतीय म्हणजे रम" कसं होतं? बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, २०१० च्या व्हिस्की बायबलमध्ये जिम मरेने त्यांच्या फ्यूजनला जगात तिसरा नंबर दिला, आणि गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, ती शुद्ध बार्लीचीच. एका माणसाच्या पुस्तकातला नंबर म्हणजे वेद नाही, पण रम नक्की नाही.

हे सगळं साडूला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "भाऊ, थिअरी नको, मला माझी १८ वर्षांची झोपेत पण ओळखू येते." मग गेल्या शनिवारी बसलो. तीन स्टीलची फुलपात्रं घेतली, रंग दिसू नये म्हणून (वासाला हा आकार एकदम बेकार, तोंड अरुंद पाहिजे, पण काळे ग्लास आणायचे कुठून), ट्यूबलाइट बंद, दोनांत एक व्हिस्की आणि एकात दुसरी, त्याची १८ आणि माझी साधी ब्लेंड, प्रत्येकी दहा-दहा मिली, दोन्ही पाणी घालून सारख्या टक्क्यांवर. वेगळं कोणतं ते ओळखायचं, तीन राउंड, भरायचं काम बायकोकडे. साडूने तीनपैकी दोन बरोबर ओळखले. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा कोणालाही एवढं जमतं, हे मी त्याला सांगायला गेलो.

माझा स्कोअर तीनपैकी एक आला होता. तो त्याने तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर टाकला पण होता, त्या फॉरवर्डच्या बरोब्बर खाली.