खेळ कोणता ते नंतर बघा, आधी खेळणाऱ्याला ऐका

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक यादी फिरते. युट्यूबवर व्हिडिओ गेम खेळून दाखवणाऱ्या चॅनेलांची. वर हिरव्या टिका केलेली 'चांगली' चॅनेल, खाली लाल फुल्या मारलेली 'वाईट'. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे रचायचा खेळ खेळणारे झाडून सगळे वर, बंदूकवाले सगळे खाली. मला ही वाटणीच पटत नाही. सुट्टीत भाचा आणि भाची आमच्याकडे होते, तो चौथीत, ती सातवीत. त्यांच्या शेजारी बसून मी हे व्हिडिओ पुष्कळ पाहिले. खेळणारा माणूस बोलतो कसा आणि मुलाकडे मागतो काय, चॅनेल जोखायचं ते यावरून.

"दुसऱ्याला खेळताना काय बघायचं असतं?" असं म्हणून मुलांना हिणवू नका, हे आधीच सांगते. आपणही गल्लीतल्या कॅरमभोवती उभं राहून दुसऱ्यांचे डाव बघितलेच की. चांगला खेळणारा बघण्यात खरी मजा असते आणि शिकायलाही मिळतं. भाच्याने माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोन, म्हणजे त्या खेळातली विजेसारखी काम करणारी वस्तू, वापरून आपोआप उघडणारं दार केलं, तेही एक व्हिडिओ थांबवत, मागे नेत, परत बघत.

आता खेळांवर दिलेल्या वयाच्या आकड्यांबद्दल. कोणता खेळ किती वर्षांपुढच्यांसाठी हे सांगणाऱ्या युरोपातल्या पेगी मानांकनात माइनक्राफ्टला ७ आणि गुन्हेगारीवरच्या जीटीए ५ या खेळाला १८ आहे. पण हा आकडा खेळाला दिलेला आहे, त्याच्या व्हिडिओला नाही. युट्यूबवर जीटीए ५ चे हिंदी व्हिडिओ शोधून बघा. वरच्या चित्रात शिनचॅन असतो, कधी डोरेमॉन. मॉड, म्हणजे खेळात बाहेरच्यांनी केलेले बदल, टाकून ही पात्रं त्या खेळात घुसवलेली असतात. आठ वर्षांच्या मुलाला ते कार्टूनच वाटणार. आत मात्र तोच १८ वर्षांवरचा खेळ, तीच लूटमार, गाडीखाली येणारी तीच माणसं. यात मुलाचा काय दोष?

उलटही घडतं. बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा खेळ खेळणारा एखादा शांतपणे नकाशा समजावून सांगतो, हरला तर "माझीच चाल चुकली" म्हणून पुढचा डाव लावतो. आणि माइनक्राफ्टच्या रंगीत ठोकळ्यांवर बोलणारा दुसरा एखादा दर मिनिटाला किंचाळतो, सोबत्याला नूब, म्हणजे काही न येणारा नवखा, म्हणून लाज आणतो. म्हणून माझी पहिली कसोटी हीच: तो हरतो तेव्हाचा भाग काढून बघा. जिंकताना सगळेच गोड असतात. आणि हे शक्यतो त्याच्या लाइव्हमध्ये बघा, कारण एरवीच्या व्हिडिओत शिव्यांवर बीप टाकता येतो, लाइव्हमध्ये ती सोय नसते.

शिव्यांची भीती सगळ्यांनाच वाटते. मला त्याहून जास्त भीती वाटते ती क्रेट उघडण्याच्या व्हिडिओंची, आणि त्याबद्दल पालक फारसं बोलत नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीजीएमआयमध्ये यूसी नावाचं चलन खऱ्या पैशांनी विकत घेतात. त्यातून क्रेट म्हणजे बंद पेट्या उघडायच्या. आत काय निघेल हे नशिबावर. बहुतेक वेळा किरकोळ काहीतरी निघतं, क्वचित बंदुकीची नाहीतर कपड्यांची एखादी भारी स्किन, म्हणजे नुसतं दिसणं बदलणारं नवं रूप. चॅनेलवाला कॅमेऱ्यासमोर हजारो रुपयांच्या पेट्या एकामागून एक उघडतो. श्वास रोखतो, ओरडतो, "एक लास्ट, भाई, एक लास्ट" म्हणत पुन्हा यूसी भरतो. एकही शिवी नाही, रक्ताचा थेंब नाही. ग्रुपवरच्या यादीत असं चॅनेल सहज हिरव्या टिकेत बसेल. "आत्या, आता नक्की निघणार, इतक्या वेळा नाही निघालं ना!" असं भाचा मला सांगत होता, तेव्हा मला खरंच धस्स झालं. जुगारी नेमका असाच विचार करतो, आणि हा मुलगा चौथीत आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी घातली. फार बरं झालं. पण क्रेटमधून पैसे नाही, स्किन मिळते, आणि असे खेळ चालूच आहेत. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे मोजून उघडायच्या या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. आपल्याकडेही कुणीतरी हा विषय लावून धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी कसोटी, मागणं. लाइक, सबस्क्राइब सगळेच मागतात, तेवढं सोडून द्या. पण "कॉमेंटमध्ये तुझा आयडी टाक, फुकट यूसी देतो", "टेलिग्रामवर ये", "सुपरचॅट केलंस तर तुझं नाव घेईन" (सुपरचॅट म्हणजे लाइव्हमध्ये पैसे देऊन टाकलेला, ठळक दिसणारा मेसेज)? आपल्या आवडत्या खेळाडूच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला मिळणं ही दहा वर्षांच्या मुलासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, याचा विचार करा. आणि मग पैसे कुणाच्या फोनमधून जातात, याचाही. व्हिडिओखालच्या वर्णनातल्या लिंका एकदा स्वतः उघडून बघा. तेवढ्यावरून बरंच कळतं.

युट्यूब हे गाळून देत असेल, या भरवशावर राहू नका. जानेवारी २०२० पासून प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगावं लागतं, पण सांगतो कोण, तर मुख्यतः टाकणारा स्वतः. 'मुलांसाठी' म्हटलं की कॉमेंट बंद, सुपरचॅट बंद, बघणाऱ्याच्या आवडीनुसार दाखवायच्या जाहिराती बंद. म्हणजे कमाई घटते. मग बघणारी निम्मी पोरं प्राथमिक शाळेतली आहेत हे ठाऊक असूनही कोण स्वतःहून तसं सांगेल? युट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे आणि लहानांना ते ठीक. पण तिसरी-चौथीपासून मुलांना ते बाळबोध वाटतं, ती तिथे थांबत नाहीत.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते, कुणाला कडक वाटलं तरी चालेल. दहा वर्षांखालच्या मुलाला हेडफोन नको. आवाजाचा त्रास नको म्हणून आपणच हेडफोन देतो आणि तिथेच ऐकायचा मार्ग बंद करून टाकतो. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, आवाज मोकळा ठेवून बघू दे. स्वयंपाकघरातूनही कळतं माणूस कसा बोलतोय ते. बंदुकीचे खेळ या वयात नकोतच, बोलणारा कितीही सज्जन असला तरी. आणि तेरा वर्षांपर्यंत लाइव्ह अजिबात नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना बंदीने काही होत नाही, ती मित्राच्या फोनवर बघतात. त्यांच्यासमोर गणित मांडा. पेट्यांमधून काय निघायची शक्यता किती, हे खेळांना जाहीर करावंच लागतं. गूगल प्ले आणि ॲपलच्या स्टोअरचा तसा नियम आहे. भाचीबरोबर मी तो हिशोब केला. एखादी वस्तू निघायची शक्यता शंभरात एक धरली, तर शंभर पेट्या उघडूनही ती न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के राहते. तिने कॅल्क्युलेटरवर ०.९९ ला ०.९९ ने पुन्हा पुन्हा गुणून स्वतः पडताळून पाहिलं. मग विचारलं, "मग व्हिडिओत त्यांना चौथ्याच पेटीत कशी मिळते?" मी म्हटलं, ज्यांना नाही मिळाली, त्यांनी तो व्हिडिओ टाकला असेल का? तेव्हापासून असा व्हिडिओ लागला की आधीच्या रिकाम्या पेट्या किती हे ती भावाला मोजायला लावते.