फ्लॅकची एमपीथ्री केली म्हणून टॅग उडत नाहीत

ठाण्यातल्या शास्त्रीय संगीतवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पाचपाखाडीतून आला, मग वाशीतूनही आला. म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅकची (आवाज जसाच्या तसा ठेवणारी फाइल) एमपीथ्री (काही आवाज टाकून लहान केलेली फाइल) केली की टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली कलाकार-अल्बमची नावं, पुसले जातात, म्हणून आधी वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची फाइल) करून घ्या. मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून ती रोमन लिपीत टाका. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला किती किलोबिट, हे दर्जाचं माप) खाली ऐकण्यात अर्थ नाही. आणि फ्लॅक खुशाल डिलीट करा, लागली तर एमपीथ्रीवरून परत बनवता येते.

आधी टॅगचं बघू. आवाज दाबणं (म्हणजे फाइल लहान करणं) आणि टॅग नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एन्कोडरचं, दुसरं कन्व्हर्टरचं. फूबार २००० किंवा एफएफएमपेग या कन्व्हर्टर प्रोग्रामांना थेट फ्लॅक दिली, तर कलाकार, अल्बम, ट्रॅक नंबर न सांगता पलीकडे जातात. मग लोकांचे टॅग उडतात कुठे? मेसेजनेच सांगितलेल्या ‘आधी वेव्ह’ या पायरीवर! वेव्हमध्ये टॅगला अगदीच जागा नाही असं नाही, पण बरेच प्रोग्राम तिथे काही लिहीत नाहीत आणि लिहिलेलं वाचतही नाहीत. फ्लॅकचा स्वतःचा डीकोडरही (फ्लॅक उलगडणारा प्रोग्राम) वेव्ह काढताना नुसता आवाज बाहेर देतो. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही एकाच मेसेजात, तेही उलटसुलट.

प्रश्नचिन्हांची तक्रार मात्र खरी आहे, निदान चुकलंय. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) असतात, देवनागरीला तिथे काहीच अडचण नाही. एमपीथ्रीत आयडीथ्री या टॅग लिहायच्या पद्धतीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या चालतात. पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटी १२८ बाइटांत बसते, त्यात नावाला फक्त ३० बाइट, आणि मुळात ती लॅटिन अक्षरांसाठीच केलेली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार धरून. त्यामुळे ‘मिश्र शिवरंजनी’ तिथे कोंबलं तर ‘मिश्र शिवर’पाशी कापलं जातं, पुढे कचरा. २.३ ही आवृत्ती यूटीएफ-१६ (तशीच दुसरी पद्धत) घेते, २.४ यूटीएफ-८ सुद्धा. गाडीतल्या जुन्या प्लेअरसाठी २.३ बरी; एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये ती निवडता येते.

स्क्रीनवर काय दिसतंय तेही नीट बघा. रिकामे चौकोन असतील तर टॅग बहुधा शाबूत आहे, प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नाही. एकेका अक्षराजागी तीन-तीन चिन्हं आणि दर तिसऱ्या ठिकाणी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ दिसला, तर यूटीएफ-८ लॅटिन समजून वाचलं जातंय. खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली असतील तरच माहिती गेली. घोडबंदर रोडवर अडकलेल्या गाडीतल्या स्क्रीनसाठी घरची सगळी लायब्ररी रोमन करायची गरज नाही.

३२० चा आग्रह मला तरी हट्टच वाटतो. लेम या एमपीथ्री एन्कोडरच्या व्ही-२ सेटिंगला सरासरी साधारण १९० केबीपीएस पडतात. ७० मिनिटांची सीडी ३२० ला सुमारे १६८ एमबी होते, व्ही-२ ला १०० च्या आसपास. लोकलच्या खडखडाटात हा फरक कुणाला ऐकू येत असेल, तर त्याच्या कानांना दंडवत.

फ्लॅक डिलीट करायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. एमपीथ्रीत टाकून दिलेला आवाज परत येत नाही. उलट केलेली फ्लॅक फक्त आकाराने फुगते.

खरी अडचण मेसेजात नाहीच. फ्लॅकमध्ये कलाकाराचा टॅग दोनदा लिहिता येतो, जुगलबंदीत गायक एक, सतारिया दुसरा. एफएफएमपेग ती दोन्ही नावं अर्धविरामाने जोडून एकच करतं. ‘राग’ असा स्वतः बनवलेला टॅग एमपीथ्रीत वेगळ्या चौकटीत जातो आणि बऱ्याच फोन-प्लेअरांना दिसत नाही. एम४ए या दुसऱ्या प्रकारची फाइल केली तर एफएफएमपेग तो न सांगता गाळतं. म्हणून मी रागाचं नाव ट्रॅकच्या नावातच ठेवतो. कन्व्हर्ट झाल्यावर जुगलबंदीच्या एक-दोन फाइली उघडून कलाकाराचा रकाना तेवढा बघून घ्या.