‘जादा वेळ म्हणजे फुकटचे गुण’ या मेसेजला उत्तर

दहावीची परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मतलब असा: लिहिण्या-वाचण्यात अडणाऱ्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट देणे हा मेहनती मुलांवर अन्याय आहे, हा मुळात आळस आहे, अशा मुलांना विशेष शाळेत घालावे, आणि भरलेल्या वर्गात टीचरने एकट्याकडे बघायचे तरी कसे? मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिकवते. ज्यांच्याबद्दल हे लिहिले जाते ती मुले माझ्यासमोर बसतात, म्हणून उत्तर देते.

आधी गुणांचे बघू. एका मुलाला मी तोंडी विचारले, ऊर्ध्वपातन म्हणजे काय? त्याने घरची काजूची भट्टीच सांगितली: आंबवलेला रस, खाली जाळ, वाफ नळीतून जाते, गार होते, थेंब थेंब खाली पडतो. एकही पायरी चुकली नाही. तोच प्रश्न कागदावर आला तेव्हा दीड ओळ. काना-मात्रा गळालेल्या, ‘ऊर्ध्व’पाशी पेन अडलेले. विज्ञान त्याला येते, गुण जातात ते लिहिण्यापायी. जादा वेळ दिला तरी प्रश्न तेच राहतात आणि चुकीच्या उत्तराला शून्यच मिळते. लेखनिकानेही तो सांगेल तेवढेच लिहायचे असते. मग शेजारच्या बाकावरच्या मुलाचा कोणता गुण कमी झाला?

आळसाचे म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा हिशेब यांत येणारी खास अडचण, आहे. ती लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवणे हे कलम १६ ने शाळेवर टाकलेले काम आहे, आणि त्या कलमात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळे कलम १७ मध्ये लिहिलेले आहे. कोणा हेडमास्तरांची ती मेहेरबानी नव्हे.

विशेष शाळेचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. आपल्याकडची अनुदानित हायस्कुलेही त्यात आली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला कलम ३१ प्रमाणे जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडता येते. निवड त्याची. पर्वरीच्या विशेष शाळेत चांगले काम होते, पण आमच्या सत्तरीतल्या वाळपईच्या मुलाला तिकडे धाडायचे हे शेजाऱ्यांनी ठरवायचे नाही.

टीचरवरच्या ताणाचे मात्र खरे आहे. मीही दमते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले आहे: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक. ती पदे भरा, अशी मागणी सरकारकडे एकत्र करूया. मुलाला वर्गाबाहेर काढून माझे काम हलके करू नका.

पालकांनो, तोंडी विनंतीवर थांबू नका. मूल नेमके कुठे अडते आणि काय हवे (पुढचा बाक, तोंडी चाचणी, मोठ्या अक्षरातला पेपर) ते अर्जात लिहा, पोच घ्या. परीक्षेच्या सवलतीसाठी तपासणी आणि कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून आठवीतच सुरुवात करा. शाळा ऐकत नसेल तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.